ऐकणारा अनोळखी माणूस

२ नोव्हेंबर १९५३ रोजी लंडनच्या सेंट स्टीफन वॉलब्रुक चर्चमध्ये चॅड व्हारा या धर्मगुरूंनी जीव नकोसा झालेल्यांसाठी एक टेलिफोन सुरू केला. १९३५ साली त्यांनी एका चौदा वर्षांच्या मुलीचे अंत्यसंस्कार केले होते. पहिली पाळी आली तेव्हा आपल्याला वाईट रोग जडला, असे समजून तिने जीव दिला होता. विचारायला तिला कोणीच नव्हते.

लोक फोन करू लागले, भेटायलाही येऊ लागले. थांबलेल्यांना चहा द्यायला काही स्वयंसेवक असत. पुष्कळ जण त्यांच्याशीच बोलून मोकळे होतात, मग व्हारांना भेटायची गरजच उरत नाही, हे लवकरच ध्यानात आले. फेब्रुवारी १९५४ मध्ये त्यांनी ऐकण्याचे काम या स्वयंसेवकांकडेच सोपवले. ‘समॅरिटन्स’ ही संस्था उभी राहिली ती अशी. ऐकणारा तज्ज्ञच हवा असे नाही, हा शोध मला फार मोठा वाटतो.

१९७१ मध्ये टोकियोत ‘इनोची नो देन्वा’ ही हेल्पलाइन सुरू झाली. तिथेही फोन घेणारे प्रशिक्षित स्वयंसेवकच. पण फोनवर बोलणेही ज्यांना जड जाते, त्यांचे काय? सहा-सहा महिने, कधी वर्षानुवर्षे घरात कोंडून घेणाऱ्या ‘हिकिकोमोरीं’कडे मनोविकारतज्ज्ञ सैतो तामाकी यांनी १९९८ साली पुस्तक लिहून लक्ष वेधले. अशा माणसाला लिहिणे सोपे जाते. इंटरनेटवर, अपरात्री, नाव न सांगता, आपल्यासारख्याच कुणाला तरी. ‘मलाही असंच होतं’ एवढ्या उत्तरानेसुद्धा रात्र निभावते.

मात्र दोन खचलेली माणसे एकमेकांना सावरतात, तशी खोल ओढूही शकतात. शिवाय तिथे टपून बसलेलेही असतात. जपानमधल्या झामा शहरात २०१७ मध्ये उघडकीस आलेल्या प्रकरणात ट्विटरवर मरणाची भाषा करणाऱ्यांना हेरून एकाने नऊ जणांचे खून केले होते. पण म्हणून असे बोलणेच बंद पाडणे मला घातक वाटते. मग खचलेला माणूस कुणालाच दिसत नाही. समदुःखी सोबती हवाच, पण त्याच्या पाठीशी जाणते, जबाबदार माणूसही हवे. जपानमध्ये २०१८ पासून चॅटवरच्या समुपदेशनाला सरकारी बळ मिळाले, ते योग्यच झाले.

आपल्याकडे ‘टेली मानस’ या हेल्पलाइनचा १४४१६ हा मोफत क्रमांक २०२२ पासून आहे, मराठीतही बोलता येते. घरात कोणी दार लावून बसत असेल, तर ‘जीव नकोसा झालाय का?’ असे सरळ विचारा. विचारल्याने तो विचार डोक्यात शिरत नाही. उत्तर मिळेपर्यंत जवळ थांबा आणि गरज वाटली तर हा फोन तुम्हीच लावून द्या.