जुन्नरच्या श्रेणी आणि संघाची बांधिलकी

कल्याणहून नगरकडे जाणाऱ्या मार्गावर, अण्याचा घाट लागण्यापूर्वी बेल्हे गाव येते. तेथील बैलबाजार प्रसिद्ध आहे. बाजारात माणूस तोंडच्या शब्दावर ओळखला जातो, हे या गावास कोणी शिकवावे लागत नाही. बाजारपेठ व दिलेला शब्द यांचा या परिसरातील संबंध किती जुना आहे, हे पाहावयाचे तर जुन्नरच्या लेण्यांतील ब्राह्मी लेख वाचावयास हवेत.

येथील दाते बहुधा उपासक, व्यापारी व कारागीर आहेत. एका लेखात धान्य व्यापाऱ्यांच्या श्रेणीने सात खोल्यांचे लेणे व पाण्याची पोढी दिल्याची नोंद आहे. दुसऱ्यात बांबूकाम करणारे व कासार यांच्या श्रेणींकडील ठेवीचा उल्लेख येतो. आपण हे लेख 'दान' म्हणून वाचतो व पुढे जातो. आमच्या मते ते करारही आहेत. नहपानाचा जावई उषवदात याच्या नाशिक येथील लेखात (वर्ष ४२) असा हिशेबच दिला आहे. विणकरांच्या श्रेणीकडे २००० कार्षापण, दरमहा शेकडा १ व्याजाने. वर्षाचे २४० होतात. त्यातून वर्षावासातील २० भिक्खूंना चीवरासाठी प्रत्येकी १२. मूळ रक्कम परत द्यावयाची नाही. म्हणजे ठेव स्वीकारणारे विणकर निवर्तले तरी त्यांची मुले, नातवंडे, श्रेणीत नव्याने आलेला कारागीरही त्या शब्दाने बांधलेला. श्रेणीने हात आखडता घेतला, तर चीवर अडणार ते कोणा अनोळखी भिक्खूचे.

लेण्यात राहणाऱ्यांचे काय? मज्झिमनिकायातील चूळगोसिङ्ग सुत्तात अनुरुद्ध, नन्दिय व किम्बिल यांचा दिनक्रम आला आहे. भिक्षाटनाहून जो आधी परते, तो आसने मांडी, पाणी ठेवी. जो शेवटी येई, तो सारे आवरून भोजनशाळा झाडी. घडा रिकामा ज्याला दिसे, त्यानेच तो भरावयाचा. एकट्यास न पेलल्यास हाताच्या खुणेने दुसऱ्यास बोलवावयाचे, पण मौन मोडावयाचे नाही. पाळ्या लावलेल्या नव्हत्या, मुकादमही नव्हता. दर पाचव्या रात्री मात्र तिघे धम्मचर्चेस बसत. कार्यक्रमानंतर सतरंजी कोणी उचलावी यावरून आपल्याकडे होणारे वाद आठवले, की हे सुत्त आम्हांस पुन्हा वाचावेसे वाटते.

शिवनेरीवर चित नावाच्या यवनाने संघास भोजनमंडप दिला, इरिल नावाच्या यवनाने दोन पोढ्या दिल्या. ही नावे दगडात आहेत. तो मंडप झाडणाऱ्या आणि त्या पोढ्यांतून घडे भरणाऱ्या भिक्खूंची नावे कोणी कोरलेली नाहीत.