कृष्णाकाठचे इंजिन आणि टर्बोचार्जर

कराडच्या उत्तरेस सातारा व आग्नेयेस किर्लोस्करवाडी ही यंत्रनिर्मितीची दोन केंद्रे विसाव्या शतकाच्या पूर्वार्धातच उदयास आली. साताऱ्यास धनजीशा कूपर यांच्या कारखान्यात १९३३ मध्ये तयार झालेले डिझेल इंजिन भारतातील पहिले मानले जाते. पुढे कृष्णा-कोयनेच्या काठी अशा इंजिनांनी मोटेस हळूहळू मागे सारले. दट्ट्याच्या ओढीने जेवढी हवा आत येईल तेवढीवरच ही इंजिने चालत.

याहून अधिक हवा कोंडण्याची युक्ती तेव्हा अज्ञात होती असे नव्हे. स्विस अभियंता आल्फ्रेड ब्यूखी याने १९०५ मध्येच तिचे पेटंट घेतले होते. वाया जाणाऱ्या तप्त वायूने एक चक्र फिरवावयाचे, त्याच आसावरील दुसऱ्या चक्राने हवा दाबून सिलिंडरमध्ये भरावयाची आणि त्या प्रमाणात अधिक इंधन जाळावयाचे, असे तिचे स्वरूप होय. तथापि एका गतीने पाणी उपसणाऱ्या लहान इंजिनास तिची निकड नव्हती. लहान टर्बोचे चक्र मिनिटास लाखाहून अधिक फेरे घेऊ शकते. त्यास स्वच्छ तेल व सूक्ष्म बांधणी लागते. गावच्या फिटरास खोलता येईल असे साधे इंजिन पसंत करणे हे मागासलेपण नसून व्यवहारज्ञान होते.

मोटारीचा अनुभवही हेच सांगतो. १९६२ मध्ये अमेरिकेतील ओल्ड्समोबिल जेटफायर गाडीच्या पेट्रोल इंजिनास टर्बो जोडताना दाबगुणोत्तर १०.२५ असे उंचच ठेवले गेले. परिणामी ठोके टाळण्यासाठी पाणी व मिथेनॉल यांचे मिश्रण फवारावे लागे. मालक ते भरण्यास विसरत, आणि १९६३ नंतर ती गाडी बंद झाली. डिझेल इंजिनात केवळ हवाच दाबली जात असल्याने ही अडचण उद्भवत नाही.

महाराष्ट्रात १९९८ साली पिंपरी येथील टाटांची इंडिका १४०५ घनसेंटिमीटरच्या टर्बोविरहित डिझेल इंजिनासह अवतरली; कालांतराने त्याच इंजिनाची टर्बोयुक्त आवृत्ती आली. या काळात, २००० पासून, धुरावरील निर्बंध क्रमाने कडक होत होते, आणि पुरेशी हवा मिळाल्यास काजळी घटते. यावरून असे दिसते की, यंत्राचा स्वीकार त्याच्या शोधाने ठरत नाही. कार्य, दुरुस्ती व कायदा या तिहींच्या मेळाने तो ठरतो.