कोल्हापूरच्या शाही दसऱ्यातली 'मेबॅक' कार नेमकी आली कुठून?

कोल्हापूरच्या दसरा चौकात सीमोल्लंघनासाठी छत्रपती घराण्याची भगव्या रंगाची कार आली की गर्दीचे मोबाईल आपोआप वर जातात. ही कार म्हणजे १९३६ सालची जर्मन 'मेबॅक'. छत्रपती राजाराम महाराजांच्या कारकिर्दीत ती कोल्हापुरात आली. पण मेबॅक ही कंपनी मुळात कार बनवणारी नव्हतीच!

आकाशातून रस्त्यावर

विल्हेल्म मेबॅक आणि त्यांचा मुलगा कार्ल यांची ही कंपनी १९०९ मध्ये सुरू झाली ती झेपेलिन हवाई जहाजांची इंजिनं बनवण्यासाठी. पहिल्या महायुद्धानंतर व्हर्साय तहामुळे जर्मनीतल्या विमान उद्योगावर बंधनं आली आणि कंपनीला नवा धंदा शोधावा लागला. १९२१ च्या बर्लिन प्रदर्शनात तिची पहिली कार 'डब्ल्यू ३' झळकली. चारही चाकांना ब्रेक असलेली ही पहिली जर्मन कार मानली जाते.

१९३० च्या सुमारास आलेली १२ सिलिंडरची 'झेपेलिन' ही कंपनीची सर्वांत मानाची गाडी. तिच्या ८ लिटर इंजिनाची ताकद होती २०० अश्वशक्ती.

कोल्हापूरची मेबॅक कोणती?

ती 'एसडब्ल्यू ३८' मॉडेलची आहे. झेपेलिनपेक्षा आटोपशीर, ३.८ लिटरचं सहा सिलिंडर इंजिन आणि १४० अश्वशक्ती. प्रत्येक चाक स्वतंत्रपणे वर-खाली होत असल्याने खडबडीत रस्त्यावर धक्के कमी बसत. मेबॅक फक्त इंजिन आणि सांगाडा बनवायची. वरची बॉडी ग्राहकाच्या पसंतीनुसार दुसरे कारखाने घडवत. त्यामुळे दोन मेबॅक हुबेहूब सारख्या दिसणं कठीणच.

पुढे काय झालं?

१९२१ ते १९४१ या काळात जेमतेम १,८०० मेबॅक कार बनल्या. दुसऱ्या महायुद्धात कंपनी रणगाड्यांच्या इंजिनांकडे वळली आणि कार कायमच्या थांबल्या. १९६० मध्ये डायमलर-बेंझने कंपनी ताब्यात घेतली. २००२ मध्ये 'मेबॅक ५७' आणि '६२' आणून हे नाव पुन्हा जिवंत केलं गेलं (हे आकडे लांबीचे: ५.७ आणि ६.२ मीटर). दहा वर्षांत सुमारे ३,००० गाड्याच खपल्या आणि उत्पादन बंद पडलं.

त्यानंतर स्वतंत्र कारचा हट्ट सोडून मर्सिडीजने आपल्याच एस-क्लासला मेबॅकचं नाव दिलं आणि हा मार्ग चालला. २०२२ मध्ये भारतात आलेली मर्सिडीज-मेबॅक एस ५८० तर पुण्याजवळच्या चाकणमध्येच जोडली जाते. म्हणजे एकेकाळी समुद्र ओलांडून कोल्हापुरात आलेलं नाव आता महाराष्ट्रातल्याच कारखान्यातून बाहेर पडतं.