निर्बंध कोणाचे उठले?

१ एप्रिल २०२२ रोजी महाराष्ट्रातील करोनाचे निर्बंध उठले. साथरोग कायदा आणि आपत्ती व्यवस्थापन कायदा यांच्या आधाराने दोन वर्षे निघत आलेले आदेश मागे घेतले गेले, मुखपट्टी ऐच्छिक झाली, आणि दुसऱ्याच दिवशी गुढीपाडव्याच्या मिरवणुका निघाल्या. मराठवाड्यातील ज्या तालुक्याच्या गावी मी महाविद्यालयात इतिहास शिकवतो तेथेही चौकात गर्दी झाली. दुकानांसमोर ओढलेली पांढरी वर्तुळे पुसट झाली होती. त्यांच्यावर आता मोटारसायकली उभ्या राहू लागल्या.

त्याच आठवड्यात माझ्या धाकट्या चुलतभावाचे काम गेले. दोन वर्षे तो कंत्राटदारामार्फत करोना केंद्रातला कचरा उचलत होता. दुसऱ्या लाटेत, २०२१ च्या एप्रिल-मे महिन्यांत, प्रेते स्मशानात नेण्याच्या कामालाही त्याला लावले होते. नातेवाईक फाटकाबाहेर उभे राहत आणि सरणापर्यंत तो जाई. काम संपल्याचे त्याला कोणी लेखी कळवले नाही. मुकादमाचा फोन आला, 'उद्यापासून येऊ नको,' एवढेच. संध्याकाळी घरी येऊन तो म्हणाला, "दादा, सगळ्यांचा लॉकडाऊन उठला. माझा आज लागला."

माझ्या आईने याच गावचे रस्ते आयुष्यभर झाडले. त्या झाडूच्या पगारावर मी शिकलो. आमच्या घरातला मी पहिला पदवीधर. तेव्हा भावाचे हे वाक्य मला केवळ घरगुती गाऱ्हाणे म्हणून ऐकता आले नाही. आपण विद्यार्थ्यांना साथीचा इतिहास शिकवतो तो निर्बंध लादले कसे याचा. ते उठले कसे, कोणाच्या दबावाने उठले, आणि कोणाचे आधी व कोणाचे नंतर उठले हा प्रश्न आपल्या पाठ्यपुस्तकांना पडत नाही. खरे पाहता सत्तेचे गणित लादण्यापेक्षा उठवण्यातच अधिक उघडे पडते.

मुंबईचेच उदाहरण घेऊ. सप्टेंबर १८९६ मध्ये मांडवी भागात डॉ. अकासिओ व्हिएगस यांनी प्लेगचा रोगी ओळखला. १८९१ च्या जनगणनेनुसार शहराची वस्ती ८,२१,७६४ होती. ६ ऑक्टोबर १८९६ रोजी म्युनिसिपल कमिशनर पी. सी. एच. स्नो यांनी हुकूम काढला. रोग्याला, गरज पडल्यास सक्तीने, इस्पितळात हलवावे आणि त्याचे घर निर्जंतुक करावे, असा त्याचा आशय होता. अजून साथरोग कायदा झालेला नव्हता. १८८८ च्या म्युनिसिपल कायद्याने दिलेल्या अधिकारांवरच ही सक्ती उभी होती. म्हणजे ही स्थानिक स्वराज्य संस्थेची आणीबाणी होती. शहरात घबराट माजली. पुढच्या काही महिन्यांत निम्म्याच्या जवळपास लोक मुंबई सोडून गेले. २९ ऑक्टोबरला सुमारे हजार गिरणी कामगारांनी आर्थर रोड इस्पितळावर चाल केली. आणि दुसऱ्याच दिवशी, ३० ऑक्टोबरला, कमिशनरांनी आपला हुकूम सैल केला.

गिरणी कामगारांच्या हल्ल्याची नोंद इतिहासाने घेतली आहे. पण स्नो यांना सर्वांत मोठी भीती दुसऱ्याच लोकांची होती, आणि ती त्यांनी आपल्या अहवालात लपवलेली नाही. हलालखोर आणि बिगारी शहर सोडून जातील, ही ती भीती. हलालखोर म्हणजे घराघरांतला मैला टोपलीत भरून नेणारे, त्यांत गुजरात-काठेवाडकडून आलेले पुष्कळ. बिगारी म्हणजे रस्ते झाडणारे व कचरा गाड्यांत भरणारे, त्यांत आपले महार-मांग बांधव मोठ्या संख्येने. ही माणसे गेली असती तर गोऱ्या डॉक्टरांचे औषध, फिनेलचे पिंप आणि कमिशनरांचा हुकूम यांपैकी कशाचाच उपयोग नव्हता. मुंबई आठवडाभरही राहण्याजोगी उरली नसती. तेव्हा साहेबाने माघार घेतली.

ही घटना मला फार महत्त्वाची वाटते. पश्चिम भारतातील प्लेगच्या कारवाईत सरकारने घेतलेली ही पहिली मोठी माघार आहे, आणि तिच्या मुळाशी अस्पृश्य कामगारांच्या पायांत असलेली निघून जाण्याची ताकद आहे. त्यांनी निवेदन दिले नव्हते, सभा घेतली नव्हती. ते गाव धरू शकत होते, एवढेच पुरेसे होते. २२ जून १८९७ ही तारीख महाराष्ट्रातल्या प्रत्येक शाळकरी मुलाला शिकवली जाते. ३० ऑक्टोबर १८९६ मी एम. ए. होईपर्यंत कधी ऐकली नव्हती.

मात्र येथे आपणही भाबडेपणा करता कामा नये. सैल केलेल्या हुकुमात म्हटले होते की, घरीच नीट विलग ठेवण्याची व उपचारांची सोय असेल तर रोग्याला हलवले जाणार नाही. आता ही सोय कोणाकडे होती? वाड्यात वेगळी खोली असणाऱ्याकडे. कामाठीपुऱ्यातल्या किंवा गिरणगावातल्या एका खोलीत आठ-दहा माणसे राहणाऱ्याने रोगी विलग ठेवायचा कुठे? ज्यांच्या जाण्याच्या भीतीने हुकूम मागे आला, त्यांच्या खोलीपर्यंत त्याची सवलत पोचण्याची मुळात शक्यताच कमी होती. पुढे मार्च १८९७ मध्ये जनरल गेटेकर यांच्या अध्यक्षतेखाली प्लेग समिती आली आणि कडक तपासण्या पुन्हा सुरू झाल्या. तेव्हाही धनिक जातींना आपापली जातवार इस्पितळे काढण्याची मुभा मिळाली. ज्या जातीकडे इस्पितळ काढण्याइतका पैसा, तिच्यापुरती आणीबाणी मऊ. सोवळे-ओवळे सांभाळून प्लेग काढण्याची ही व्यवस्था सरकारला गैर वाटली नाही. ९ मार्च १८९८ रोजी मुंबईत पुन्हा दंगल उसळली आणि त्यानंतर सक्ती हळूहळू ओसरत गेली. प्लेग मात्र ओसरला नाही. पुढच्या दोन-तीन दशकांत त्याने देशात एक कोटीहून अधिक माणसे नेली.

पुण्याची कथा सर्वांना ठाऊक आहे, म्हणून तिच्यातल्या दोनच गोष्टी सांगतो. रँडवर गोळी झाडली गेली तेव्हा सोल्जरांच्या घरझडत्या थांबून महिना उलटून गेला होता. त्या मे महिन्यातच बंद झाल्या होत्या. म्हणजे ती गोळी निर्बंध उठवण्यासाठी नव्हती. घरात, देवघरात, स्वयंपाकघरात परका शिरला, या विटाळाचा संताप तिच्यात मोठा होता. स्त्रियांचा अवमान झाला हेही खरे, आणि तो संताप न्याय्य होता हे मी नाकारत नाही. पण ज्यांच्या घरात रोज कोणीही अधिकारी, पाटील, सावकार न विचारता शिरत आला, त्यांना तो संताप तेवढ्याच तीव्रतेने का वाटावा?

दुसरी गोष्ट सावित्रीबाईंची. त्याच वसंतात, मुंढव्याच्या महारवाड्यातल्या प्लेग झालेल्या मुलाला पाठीवर घेऊन त्या आपल्या मुलाच्या, डॉ. यशवंतांच्या, दवाखान्यात गेल्या, आणि १० मार्च १८९७ रोजी प्लेगनेच त्यांचा मृत्यू झाला. सावित्रीबाईंना इस्पितळ नको नव्हते. ज्याला कोणी शिवत नव्हते त्याला इस्पितळापर्यंत नेणारे माणूस हवे होते. साथीच्या काळात आपल्या समाजाने सरकारकडे कसे पाहावे याचे उत्तर मला टिळकांच्या अग्रलेखांपेक्षा या घटनेत जास्त सापडते. सक्ती नको, पण दवाखाना हवाच; आणि साथ गेल्यावर सक्ती उठावी, दवाखाना उठू नये.

घडते नेमके उलटे. ४ फेब्रुवारी १८९७ चा साथरोग कायदा पाहा. मूळ चारच कलमांचा हा कायदा. सरकारला वाटेल ते नियम करता येतील, मोडणाऱ्याला शिक्षा होईल, अंमल करणाऱ्यावर दावा चालणार नाही. साथ संपली हे कोणी, कशाच्या आधारे आणि किती दिवसांत ठरवायचे यावर त्यात एक अक्षर नाही. १३ मार्च २०२० रोजी महाराष्ट्र सरकारने हाच कायदा बाहेर काढला. तो अपुरा असल्याचे विधी आयोगानेही २०२४ च्या आपल्या २८६ व्या अहवालात म्हटले आहे.

साथीच्या नावाने उभे राहिलेले काय काय टिकते, याचा आणखी एक नमुना म्हणजे मुंबई इम्प्रूव्हमेंट ट्रस्ट. प्लेगच्या धास्तीने १८९८ मध्ये कायदा होऊन हा ट्रस्ट स्थापन झाला. रोगट वस्त्या पाडणे, रुंद रस्ते काढणे, हे त्याचे काम. नागपाड्यापासून सुरुवात झाली. पाडापाडी आधी आणि बांधणी मागाहून, असा क्रम असल्याने गरीब माणूस एका कोंदट खोलीतून निघून शेजारच्या आणखी कोंदट खोलीत गेला. १९३३ मध्ये ट्रस्ट महापालिकेत विलीन झाला, म्हणजे प्लेगच्या तातडीचे हे अपत्य ३५ वर्षे जगले. त्याने बांधलेल्या चाळींपैकी परळच्या एका चाळीत डॉ. बाबासाहेब आंबेडकर दोन दशकांच्या आसपास राहिले. आपण त्या खोल्यांना नमस्कार करतो, ते योग्यच आहे. पण ती चाळ कोणत्या साथीतून आणि कोणाची घरे पाडणाऱ्या संस्थेतून आली, हेही तेथे गेलेल्या विद्यार्थ्याला सांगितले पाहिजे.

आता करोनाकडे येऊ. ४ जून २०२१ च्या आदेशाने महाराष्ट्रात पाच स्तर ठरले. बाधितांचे प्रमाण आणि भरलेल्या ऑक्सिजन खाटा यांवरून जिल्हा व महापालिकानिहाय निर्बंध सैल होऊ लागले. कागदावर हा हिशेब जातनिरपेक्ष आहे. प्रत्यक्षात कोण कधी सुटला ते पाहा. मद्याची दुकाने मे २०२० मध्येच उघडली होती. महाविद्यालये उघडायला २० ऑक्टोबर २०२१ उजाडला. माझ्या वर्गातल्या ज्या मुलामुलींकडे मोबाईल नव्हता, किंवा घरात एकच होता आणि तो बाप कामावर नेई, ती दीड वर्ष वर्गाबाहेर होती. त्यांतल्या कित्येकांनी पुन्हा प्रवेश घेतला नाही. मुलींची लग्ने झाली. मुंबईची लोकल १५ ऑगस्ट २०२१ पासून सामान्य माणसाला खुली झाली ती दोन मात्रा घेऊन चौदा दिवस झालेल्यांनाच. अठरा ते चव्वेचाळीस वयाच्या लोकांचे लसीकरण १ मे रोजी सुरू झालेले, नोंदणी बव्हंशी मोबाईलवर, आणि कोविशिल्डच्या दोन मात्रांत बारा ते सोळा आठवड्यांचे अंतर. म्हणजे धुणीभांडी करणारी तरुण बाई त्या दिवशी फलाटावर पोचण्याची शक्यता किती होती, हे वाचकांनी बोटांवर मोजून पाहावे.

सफाई कामगाराला मात्र एक दिवसही घरात कोंडले नव्हते. तो 'अत्यावश्यक' होता. २२ मार्च २०२० च्या संध्याकाळी त्याच्यासाठी थाळ्या वाजल्या. हा शब्द मोठा फसवा आहे. ज्याचे काम अत्यावश्यक ठरते त्याच्या संपावर बंदी घालण्याची सोय कायद्यात आहे. पण त्याची नोकरी अत्यावश्यक ठरवणारा कायदा नाही. १८९६ च्या बिगाऱ्याकडे पाठीमागे एक गाव होते, कोकणात किंवा घाटावर, कितीही भुकेचे असले तरी. माझ्या भावाला निघून जायला जागा नाही आणि निघून गेला तर कोणाला भीतीही वाटत नाही. कंत्राटदाराच्या वहीत त्याच्या खाली पंधरा नावे थांबलेली असतात. कमिशनर स्नो यांना जी भीती वाटली ती पुन्हा कोणत्याही अधिकाऱ्याला वाटू नये, याची तजवीज कंत्राट पद्धतीने करून ठेवली आहे. संघटना असेल तर ही तजवीज मोडता येते. मुंबईत कचरा वाहतूक श्रमिक संघाने दीर्घकाळ लढा दिला आणि २०१७ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने २७०० कंत्राटी सफाई कामगारांना कायम करण्याच्या बाजूने निर्णय दिला. पण आमच्यासारख्या तालुक्याच्या गावी अशी संघटना नाही, आणि याचा दोष सरकारवर टाकून मला मोकळे होता येत नाही. आम्ही शिकलेली माणसे जयंतीच्या व्याख्यानांना वेळेवर पोचतो. कामगारांची हजेरीवही तपासायला जात नाही.

निर्बंध उठल्यावर तेराच दिवसांनी १४ एप्रिल आला. दोन वर्षे आम्ही बाबासाहेबांची जयंती घरात साजरी केली होती. ६ डिसेंबर २०२० ला चैत्यभूमीवर येऊ नका हे आवाहनही आपल्या लोकांनी पाळले होते. त्या संध्याकाळी गावातून मिरवणूक निघाली. भाऊ पुढे होता, निळा फेटा बांधून. काम नव्हते तरी त्याने वर्गणी दिली होती. मी रागावलो, तर म्हणाला, "दोन वर्षं राहिली होती."

पुढे तो दुसऱ्या कंत्राटदाराकडे घंटागाडीवर लागला, आधीपेक्षा कमी रोजावर. करोना केंद्राचे ओळखपत्र त्याने अजून ठेवले आहे. त्यावर फोटो आहे, 'अत्यावश्यक सेवा' असा शिक्का आहे, आणि मुदतीचा रकाना कोरा आहे. त्याची छायाप्रत मी मागून घेतली आणि बी. ए. च्या तिसऱ्या वर्षाला इतिहासाची साधने शिकवताना वर्गात फिरवली. एका विद्यार्थिनीने दुसऱ्या दिवशी आपल्या आईचे तसलेच कार्ड आणले. आणखी एकाने वडिलांना मिळालेल्या तीन महिन्यांच्या नेमणुकीचे पत्र आणले, ज्याच्या मागच्या बाजूला किराण्याचा हिशेब लिहिलेला होता. असे कागद आता अकरा झाले आहेत. स्नो यांचा अहवाल छापील आहे, तो ग्रंथालयात राहील. हे कागद राहणार नाहीत. वाचकांपैकी ज्यांच्या वस्तीत, घरात करोनाच्या काळातली ओळखपत्रे, नेमणूकपत्रे, हजेरीच्या चिठ्ठ्या अजून असतील त्यांनी त्या रद्दीत देऊ नयेत. आणि काम कधी, कोणत्या शब्दांत बंद केले गेले, तेही त्या माणसाला विचारून मागच्या बाजूला तारखेसह लिहून ठेवावे.