एका 'ऱ'ची कथा

श्रोतेहो, 'आचार्यांस बोलवा' आणि 'आचाऱ्यांस बोलवा' यांत भेद एका लहानशा रेघेचा. पण पहिल्यानें गुरुजी येतात, दुसऱ्यानें स्वयंपाकी! ही रेघ संगणकानें कशी जपली, तें पाहूं.

संगणकास अक्षराचें वळण कळत नाहीं, कळतो तो केवळ अंक. १९६३ सालीं अमेरिकेंत ठरलेल्या 'आस्की' संकेतांत जागा १२८. तींत रोमन लिपीच मावली. १९९१ सालीं प्रसिद्ध झालेल्या युनिकोडनें, १९८८ च्या भारतीय 'इस्की'स अनुसरून, देवनागरीस १२८ जागांचा स्वतंत्र विभाग दिला. त्यांत 'र'चा क्रमांक २३५२ व 'ऱ'चा २३५३.

हा 'ऱ' द्राविडी भाषांतील एक उच्चार नागरींत लिहितां यावा म्हणून ठेवलेला. पण त्याच्याच अर्ध्या रूपाकडे मराठीची रेघ सोपविली गेली. 'र', पाय मोडल्याचें चिन्ह आणि 'य' हे अंक ओळीनें आले, कीं रफार माथ्यावर चढतो. पहिल्या अंकांत एकाची भर पडली, कीं तोच आडवा होऊन 'य'स बिलगतो.

शोध घेतांना यंत्र आकृति पाहत नाहीं, अंक ताडून पाहतें. म्हणून, श्रोतेहो, टंकलेखन करतांना 'र' कोणता, हें अवश्य पाहावें. नाहींतर दऱ्या शोधूं जातां दर्या हातीं लागावयाचा!