फर्स्ट बेसवरचा माणूस

बेसबॉल मी कधी पाहिलेला नाही. आपण गल्लीत रबरी चेंडूनं क्रिकेट खेळलेली पोरं. पण एका संघाचा एक हंगाम मी पाळी सुटल्यावर, डोळे चुरचुरत असताना, मिळेल तिथून वाचून काढला. संघ ब्रुकलिन डॉजर्स, साल १९४७. हा हंगाम नुसत्या धावा मोजून कळत नाही. खात्यातल्या भानगडीसारखा वाचावा लागतो. मैदान ही शेवटी कामाचीच जागा. तिथं पगार असतो, मुकादम असतो, नि शेजारी कोण उभा राहणार यावरून माणसं पेटतात.

अमेरिकेच्या मोठ्या लीगमध्ये एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीपासून एकही काळा खेळाडू नव्हता. तसा लेखी नियम नव्हता. लेखी कशाला लागतो? आपल्या पाणवठ्यांवर कुठं पाट्या होत्या? सगळ्यांना ठाऊक होतं, बस. काळ्यांनी मग आपली वेगळी लीग १९२० साली उभी केली. निग्रो लीग हेच तिचं नाव. त्यात एकाहून एक खेळाडू होऊन गेले.

जॅकी रॉबिन्सन १९१९ साली जॉर्जियात जन्मला. त्याचा आजा गुलाम होता. आई मॅलीनं लोकांच्या घरी राबून कॅलिफोर्नियात पाच पोरं वाढवली. जॅकी कॉलेजात चार-चार खेळ खेळला, मग लष्करात लेफ्टनंट झाला. १९४४ साली टेक्सासमध्ये बसच्या मागच्या भागात जाऊन बसायला सांगितलं, तो उठला नाही. कोर्ट मार्शल झालं, त्यातून निर्दोष सुटला. ही गोष्ट ध्यानात ठेवा. पुढं त्याच्या गप्प राहण्याविषयी बोलायचंय.

डॉजर्सचा कारभारी ब्रँच रिकी यानं १९४५ च्या ऑगस्टमध्ये त्याला बोलावून घेतलं. तेव्हा जॅकी कॅन्सस सिटी मोनार्क्स या काळ्यांच्या संघात होता. रिकीची अट अशी : शिव्या देतील, अंगावर येतील, तू उलट हात उचलायचा नाहीस, तोंड उघडायचं नाहीस. जॅकीनं कबूल केलं. १९४६ चं साल मॉन्ट्रियलच्या दुय्यम संघात गाजवलं. रिकी देवमाणूस होता असं पुष्कळांनी लिहिलंय. असेलही. पण काळे प्रेक्षक तिकिटं काढतील हा हिशोब त्याला चांगला येत होता. नि मोनार्क्सचा खेळाडू उचलला त्याबद्दल त्यानं मोनार्क्सला एक डॉलर दिला नाही.

१९४७ चा सराव क्युबात, हवानाला ठेवला, फ्लोरिडातला रंगभेद टाळावा म्हणून. नि तिथं गोऱ्या खेळाडूंना आलिशान हॉटेल, जॅकीला नि बाकीच्या काळ्यांना वेगळं, साधंसुधं. भेद टाळायला समुद्र ओलांडला, नि भेद सामानाबरोबर घेऊन गेले!

मग काही डॉजर्सनी अर्जाची तयारी केली : आम्ही याच्यासंगं खेळणार नाही. पी वी रीझ केंटकीचा, दक्षिणेतला, पण त्यानं सही दिली नाही. मॅनेजर लिओ ड्युरोशर यानं रात्री सगळ्यांना उठवून झापलं. अर्ज बारगळला. खुद्द ड्युरोशरला मात्र दुसऱ्याच भानगडीपायी एप्रिलमध्ये वर्षभर बाहेर बसवलं. त्याच्या जागी म्हातारा बर्ट शॉटन आला.

१५ एप्रिल १९४७. एबेट्स फील्ड, ब्रुकलिन. बॉस्टन ब्रेव्हजविरुद्ध पहिली मॅच. पंचवीस हजारांवर माणूस, त्यातले निम्म्याहून जास्त काळे असा अंदाज सांगतात. पाठीवर ४२ नंबर. त्या दिवशी जॅकीला एकही हिट मिळाला नाही, पण एक धाव काढली नि डॉजर्स ५-३ नं जिंकले.

त्याला उभं केलं फर्स्ट बेसवर. ही त्याची नेहमीची जागा नव्हे. पण या जागेचं काम समजून घ्या. फर्स्ट बेसवाल्यानं एक पाय गादीला टेकवून चेंडू झेलायचा, नि समोरून धावणारा गडी त्याच गादीवर पाय टाकायला येतो. त्याच्या बुटाला लोखंडी खिळे. म्हणजे ज्याला इजा करायचीय त्याच्यासाठी जॅकीचा पाय दर खेळीला तयार. ऑगस्टमध्ये सेंट लुईस कार्डिनल्सचा एनॉस स्लॉटर त्याच्या पायावर खिळे उमटवून गेला. स्लॉटर मरेपर्यंत म्हणायचा, मुद्दाम नव्हतं. आपल्याला कळतं काय ते.

त्याआधी २२ एप्रिलला फिलाडेल्फिया फिलीज आले. त्यांचा मॅनेजर बेन चॅपमन याच्या शिव्या इथं लिहीत नाही. त्या भाषांतर न करताच आपल्याला येतात. त्या दिवशी आपण मोडायच्या बेतात आलो होतो, असं जॅकीनं पुढं लिहिलं. शेवटी संघातलाच एडी स्टँकी चॅपमनवर ओरडला : जो उलट बोलू शकतो त्याच्याशी बोल की! बोभाटा झाल्यावर मे महिन्यात दोघांचा फोटो काढवला. हातात हात नाही. दोघांनी एकच बॅट धरलीय. आठवडाभरानं, २९ एप्रिलला, दिल्लीत घटना समितीनं अस्पृश्यता नष्ट करणारं कलम मंजूर केलं. दोन्ही बातम्या एकाच महिन्यातल्या.

मेमध्ये बातमी फुटली की कार्डिनल्सचे काही खेळाडू जॅकीविरुद्ध संप करणार. खेळाडूंनी नाकारलं, इतिहासकार अजून भांडतात. लीगचे अध्यक्ष फोर्ड फ्रिक यांनी बजावलं, संप कराल तर बाहेर जाल. मी इथं बराच वेळ अडलो. संप म्हणजे आपलं हत्यार ना? आणि ते हत्यार कामगारानंच कामगारावर उगारायचं? पण मुंबईच्या गिरण्यांत विणकाम खात्यात आपल्या माणसाला घेत नसत, कारण धोट्यातून सूत तोंडानं ओढावं लागे. नि तो नियम मालकापेक्षा शेजारच्या साच्यावरच्या कामगारानंच राखला. १९२८ च्या संपात बाबासाहेबांनी हेच पुढाऱ्यांसमोर मांडलं. तिकडं उलटंही घडलं, तेही सांगायला हवं : बेसबॉलमधला रंगभेद मोडा ही ओरड कम्युनिस्टांच्या ‘डेली वर्कर’नं नि त्याच्या लेस्टर रॉडनीनं १९३६ पासून चालवली होती. काळ्यांच्या पत्रांनीही चालवली. ‘पिट्सबर्ग कुरियर’चा वेंडेल स्मिथ हंगामभर जॅकीबरोबर फिरला. तो पत्रकार, पण काळा, म्हणून पत्रकारांच्या गॅलरीत त्याला जागा नव्हती.

काळी माणसं लांबून मॅच बघायला यायची, आगगाडीनं. शिकागोत १८ मे रोजी साडेशेहेचाळीस हजारांची गर्दी. डॉजर्सच्या घरच्या मैदानावर हंगामभरात अठरा लाखांवर प्रेक्षक, लीगचा विक्रम. जॅकीचा पगार पाच हजार डॉलर, म्हणजे किमान पगार. गणित तुम्हीच करा.

डॉजर्स ९४ मॅच जिंकले, ६० हरले, कार्डिनल्सना पाच मॅचनं मागं टाकून लीगचे विजेते झाले. जॅकीच्या १२५ धावा. २९ बेस चोरले, लीगमध्ये सर्वांत जास्त. त्या साली पहिल्यांदाच दिलेला सर्वोत्तम नवोदिताचा मान त्यालाच. बेसबॉलमध्ये या प्रकाराला चोरीच म्हणतात, आणि हा एकच धंदा जिथं काळ्या माणसाला चोरीबद्दल बक्षीस मिळालं. वर्ल्ड सिरीज मात्र यँकीजनी सात मॅचमध्ये ४-३ अशी नेली.

त्याचं गप्प राहणं मलाही घशात अडकलं होतं. आपण ‘पँथर’ हे नाव १९७२ साली ज्यांच्याकडून घेतलं ते गप्प बसणारे नव्हते. पण बसमध्ये न उठलेला माणूस भित्रा नसतो. त्यानं सौदा केला, मुदतीचा. १९४९ पासून तो उलट बोलू लागला, नि त्याच वर्षी लीगचा सर्वोत्तम खेळाडू ठरला. तेव्हा वर्तमानपत्रांना तो उद्धट वाटायला लागला.

आणखी एक हिशोब राहिला. मोठ्या संघांनी चांगले खेळाडू उचलले, तशी काळ्यांची मैदानं ओस पडली. निग्रो नॅशनल लीग १९४८ नंतर बंद झाली. काळे मालक, पंच, मॅनेजर यांना वरच्या लीगनं बोलावलं नाही, फक्त खेळाडूंना बोलावलं.

आणि बॉस्टन रेड सॉक्स. एप्रिल १९४५ मध्ये, रिकीच्याही आधी, त्यांनी जॅकीला चाचणीला बोलावलं होतं. त्यानं चेंडू भिंतीवर आदळून दाखवले. पुन्हा निरोप आला नाही. त्या संघात पहिला काळा खेळाडू उतरला १९५९ साली. जॅकी तोवर खेळ सोडून एका कॉफी कंपनीच्या ऑफिसात नोकरीला लागला होता.