दुरुस्तीची दुरुस्ती

एखाद्या यंत्राचा इतिहास सांगताना ते कोणी बनवले आणि केव्हा बनवले, एवढे आपण सांगतो. ते कोणी कसे दुरुस्त केले, हे सहसा सांगत नाही. 1970 च्या दशकातले स्टीरिओ रिसीव्हर जमवून पुन्हा बोलते करणाऱ्या हौशी मंडळींना मात्र या दुसऱ्या इतिहासापासूनच सुरुवात करावी लागते.

रिसीव्हर म्हणजे रेडिओ आणि ध्वनिवर्धक एकाच पेटीत. अमेरिकेत 1 जून 1961 रोजी एफ.एम. स्टीरिओ प्रक्षेपण सुरू झाले. त्यामागचे बीजगणित अगदी सोपे आहे. डावीकडच्या आवाजाचा संकेत 'ड' आणि उजवीकडचा 'उ' मानू. ड + उ ही बेरीज नेहमीच्या पद्धतीने पाठवतात आणि ड − उ ही वजाबाकी 38 किलोहर्ट्झच्या उपवाहक लहरीवर. साधा रेडिओ फक्त बेरीज ऐकवतो. स्टीरिओ रिसीव्हर या दोन पदावल्यांची बेरीज करून 2ड मिळवतो आणि वजाबाकी करून 2उ.

पुढे निर्वात नळ्यांची जागा ट्रान्झिस्टरनी घेतली आणि कंपन्यांमध्ये वॉटची चढाओढ लागली. जाहिरातींतले आकडे फुगवलेले असत. म्हणून 1974 मध्ये अमेरिकेच्या संघीय व्यापार आयोगाने नियम केला : सतत देता येईल तीच शक्ती सांगा, आणि मोजण्याआधी यंत्र एक तृतीयांश शक्तीवर तासभर चालवा. चढाओढ थांबली नाही, पण आता ती खऱ्या वॉटची झाली. 1978 च्या पायोनियर एसएक्स-1980 ची शक्ती प्रत्येक बाजूला 270 वॉट होती आणि वजन सुमारे 35 किलो!

अशी यंत्रे बिघडली तेव्हा काय झाले? नळीच्या यंत्रात बिघडलेली नळी उपटून नवी बसवली की बहुधा काम भागे. ट्रान्झिस्टरच्या मंडलात अनेक भाग एकमेकांना थेट जोडलेले असतात. एक गेला की शेजाऱ्यांनाही घेऊन जातो. दिसायला जळालेला तेवढा बदलला, तर नवा भाग क्षणात जळतो, फ्यूज पुन्हा उडतो. मग कोणीतरी 4 अँपिअरच्या जागी 8 अँपिअरचा फ्यूज बसवतो. उष्णता विद्युतधारेच्या वर्गाच्या प्रमाणात वाढते. म्हणजे त्याच तारांना आता चौपट तापण्याची मुभा मिळाली!

दुसरा नेहमीचा दोष उष्णतेचाच. सिलिकॉन ट्रान्झिस्टर तापला की त्याला चालू राहायला लागणारे व्होल्टेज दर अंश सेल्सिअसला सुमारे 2 मिलिव्होल्टने घटते. त्यामुळे धारा वाढते, तो आणखी तापतो. हे चक्र रोखण्यासाठी एक छोटा डायोड किंवा ट्रान्झिस्टर उष्णताशोषक पत्र्याला चिकटवून ठेवलेला असतो. घाईच्या दुरुस्तीत तो तसाच लोंबत सोडला, की यंत्र सुरुवातीला छान वाजते आणि तासाभराने जळू शकते.

म्हणून जाणकार आधी छायाचित्रे काढतात, डाखाचे वेगवेगळे थर पाहतात, कोणता भाग मूळचा आणि कोणता नंतरचा हे ठरवतात. मगच पुरवठ्याच्या मालिकेत तंतूचा दिवा जोडून यंत्र चालू करतात. दिवा प्रखर पेटून तसाच राहिला, तर आत लघुमंडल असण्याचा दाट संशय. दिवा धारेला आवर घालतो, त्यामुळे उरलेले भाग बहुधा वाचतात.

हे तत्त्व वर्गात दाखवण्यासाठी दोन सेल आणि टॉर्चचे दोन दिवे मालिकेत जोडा. दोन्ही मंद लागतील. आता एका दिव्याची टोके तारेने जोडा. तो विझेल, दुसरा प्रखर होईल. जुना रिसीव्हर मात्र वर्गात उघडू नका. प्लग काढल्यावरही त्यातील धारित्रांत भार राहू शकतो.

जुन्या दुरुस्ती करणाऱ्याला हसणे सोपे आहे. त्याच्याकडे मंडलाचा नकाशा नसेल, नेमका सुटा भाग मिळाला नसेल, गिऱ्हाईक दारात उभे असेल. त्याची चूक फ्यूज बदलण्यात नव्हती. तो का उडाला, हे न विचारण्यात होती. वहीतले चुकलेले उत्तर नुसते खोडून बरोबर उत्तर लिहून देताना आपणही नेमके हेच करत नाही ना?